तेरावा सरळ, चौदावा वाकडा: एका भावफलकाचा प्रकरण अभ्यास

नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीच्या आवारात, लिलावाच्या ओट्यासमोर, लाल एलईडीचा लांबलचक भावफलक आहे. पी-१० जातीची, म्हणजे दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर असलेली, २० मॉड्यूल एका ओळीत जोडलेली. एक मॉड्यूल ३२ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच, त्यावर ३२ × १६ ठिपके. म्हणजे फलकाची एकूण लांबी ६.४ मीटर. त्यावर दिवसभर कांद्याचे किमान, कमाल आणि सरासरी भाव सरकत असतात. ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी लांबून ते वाचतो, अडते मोबाइलवर फोटो काढून पुढे पाठवतात.

मार्चमध्ये तक्रार सुरू झाली. सकाळी फलक नीट असायचा. अकराच्या सुमारास चौदाव्या मॉड्यूलपासून पुढच्या अक्षरांवर ठिपके लुकलुकायला लागायचे आणि बारानंतर तिथून पुढचा सगळा मजकूर मोडल्यासारखा दिसायचा. संध्याकाळी सहाला आपोआप बरे. सचिवसाहेबांचे वर्णन मला अजून आठवते: "तेरापर्यंत बोर्ड सरळ चालतो, चौदापासून पिऊन आल्यासारखा."

मी जाईपर्यंत दुरुस्तीच्या बऱ्याच फैरी झडून गेल्या होत्या. चौदावे मॉड्यूल दोनदा बदलले होते. तेरा ते वीसमधल्या सगळ्या एफआरसी केबल (मॉड्यूलांना जोडणाऱ्या चपट्या केबल) नव्या टाकल्या होत्या. दुपारी बिघडते म्हणजे उष्णतेमुळेच, असे ठरवून पेटीच्या मागे दोन पंखे बसवले होते. पंख्यांनी धूळ तेवढी आत ओढली. शेवटी फलकाला मजकूर पुरवणाऱ्या कार्डावर संशय गेला, कार्डही बदलले, आणि मग मला फोन आला. देखभाल करणारा तरुण शिडीशेजारी उभा होता. पहिलेच वाक्य त्याने असे टाकले की पुढे दोन दिवस ते माझ्या डोक्यात राहिले: "काका, तेरा नंबर मी पाचव्या जागी लावून बघितला. चोख चालतो. तेराचा काही संबंध नाही."

आतली साखळी

ज्यांनी असे मॉड्यूल उघडून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे आतले. एका मॉड्यूलवर ५१२ एलईडी असतात, पण एका वेळी चौथाई भागच पेटतो. चार भाग इतक्या झपाट्याने आळीपाळीने पेटतात की डोळ्याला सगळे एकदमच दिसते. एका भागात १२८ ठिपके, म्हणून १२८ बिटे, म्हणजे दर ठिपक्याला पेट की विझ सांगणारा एकेक इशारा, साठवणारे १६ शिफ्ट रजिस्टर, ७४एचसी५९५ नावाचे. ही सोळा रजिस्टरे एकापुढे एक. सोळाव्यातून बाहेर पडलेले बिट केबलवरून पुढच्या मॉड्यूलच्या पहिल्या रजिस्टरात शिरते. वीस मॉड्यूल म्हणजे २,५६० बिटांची एकच रांग. क्लॉकचा, म्हणजे कार्डातून येणाऱ्या तालाच्या सिग्नलचा, एक ठोका पडला की सगळी बिटे एकेक घर पुढे सरकतात. रांग भरली की लॅचचा इशारा होतो आणि तो भाग पेटतो.

क्लॉक, लॅच, ओळ निवडणारे दोन सिग्नल आणि एलईडी चालू-बंद करणारा सिग्नल हे सगळे प्रत्येक मॉड्यूलवर ७४एचसी२४५ या बफरमधून जातात. कार्डातून निघालेला सिग्नल वीस मॉड्यूल ओलांडेपर्यंत मरून जाऊ नये, म्हणून दर मुक्कामाला त्याला नवा दम द्यायचा. मात्र हा दम फुकट मिळत नाही. साडेचार व्होल्टवर या बफरला साधारण ९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) लागतात, आणि चिप बनवणाऱ्याच्या डेटाशीटप्रमाणे १८ पर्यंत लागू शकतात. चौदाव्या मॉड्यूलपाशी क्लॉक पोचेपर्यंत अशा १४ पायऱ्या होतात, म्हणजे सव्वाशे नॅनोसेकंद. कार्डाचा क्लॉक ८ मेगाहर्ट्झचा होता, त्याचा एक ठोका १२५ नॅनोसेकंदांचा. थोडक्यात, चौदाव्या मॉड्यूलला क्लॉक अख्खा एक ठोका उशिरा मिळत होता.

हा आकडा कागदावर मांडला आणि मला वाटले, सापडले. इथेच मी चुकलो.

वेग उतरवून पाहिले

उशीर साचत जातोय, तर ठोके लांबवायचे, हा माझा पहिला उपाय. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉकचा वेग बदलता येतो. ८ वरून ४ मेगाहर्ट्झ केला. काही फरक नाही. ४ वरून २ केला. चौदापासूनचे वाकडेपण जसेच्या तसे. सकाळी नीट, दुपारी मोडके.

दोन मिनिटे शिडीवर नुसता बसून राहिलो. वेग चौथाईवर आणूनही जो दोष केसभर हलत नाही, तो वेगाचा नसतोच. रजिस्टरला दोन गोष्टी लागतात. क्लॉकची कड, म्हणजे ठोक्याचा चढ, येण्यापूर्वी काही काळ डेटा स्थिर असावा लागतो. ७४एचसी५९५ साठी साडेचार व्होल्टवर हा काळ १० नॅनोसेकंद. याला सेटअप म्हणतात. आणि कड येऊन गेल्यावरही थोडा वेळ, ३ नॅनोसेकंद, डेटा तसाच राहावा लागतो. याला होल्ड म्हणतात. सेटअप चुकत असेल तर वेग कमी केल्यावर दोष जातो, कारण डेटाला पोचायला जास्त वेळ मिळतो. होल्ड चुकत असेल तर वेग कितीही उतरवा, काही होत नाही, कारण तिथे भांडण एकाच कडेचे आहे: डेटा आधी बदलतो की क्लॉक आधी पोचतो.

त्या तरुणाला हे समजावताना मला स्लॅबच्या घमेल्यांची रांग आठवली. शिट्टी वाजली की प्रत्येकाने मागच्याच्या हातातले घमेले घ्यायचे आणि आपले पुढच्याला द्यायचे. आता समजा शिट्टी एकच वाजत नाही. प्रत्येक जण ती ऐकून तोंडाने पुढच्याला सांगतो. तर विसाव्या माणसाला ती उशिराच कळणार. त्याने काही बिघडत नाही, कारण त्याच्याकडे येणारे घमेलेही तितक्याच उशिराने येते. बिघडते कधी? तेराव्याने शिट्टी ऐकून हातातले घमेले बदललेसुद्धा, आणि चौदाव्याला ती अजून ऐकूच आली नाही. तो उशिराने हात पुढे करतो तेव्हा तेराव्याच्या हातात पुढचे घमेले असते. मधले एक गेले. दोन शिट्ट्यांमध्ये तुम्ही चहा पिऊन आलात तरी ते परत येत नाही.

म्हणजे मी मोजलेला सव्वाशे नॅनोसेकंदांचा उशीर निरुपद्रवी होता. शोधायचा होता तो तेरा आणि चौदा या दोन शेजाऱ्यांमधला, दहाएक नॅनोसेकंदांचा फरक.

आठव्या कॉलमची खूण

अंदाज बरोबर आहे का हे पाहायला स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारे यंत्र) काढण्याआधी एक स्वस्त चाचणी होती. या मॉड्यूलमध्ये बिटे सरळ एका आडव्या ओळीने भरत नाहीत. आठ कॉलमचा एक तुकडा घेतला की एका ओळीची आठ बिटे, मग चार ओळी सोडून तिथली आठ, असे चार वेळा. मग पुढच्या आठ कॉलमचा तुकडा. त्यामुळे रांगेतले एकच बिट हरवले, तर चित्र नुसते एका कॉलमने सरकत नाही. सात कॉलम सरकतात आणि दर आठवा कॉलम चार ओळी वर किंवा खाली फेकला जातो.

फलकावर मी भाव काढून टाकले आणि दर आठ कॉलमला एक उभी रेघ लावली. दुपारी साडेबाराला तेराव्यापर्यंत रेघा सरळ होत्या. चौदाव्यापासून प्रत्येक रेघ शेजारच्या तुकड्यात सरकलेली आणि चार ठिपक्यांनी उतरलेली. विसाव्यापर्यंत सगळीकडे तोच हिशोब, कुठे दोन बिटांचा फरक नाही. बरोबर एक घमेले गेले होते, आणि ते तेरा-चौदाच्या वेशीवर. सकाळी अकराला दिसणारे लुकलुकणारे ठिपके म्हणजे तीच घटना अर्धवट होत असलेली: काही ठोक्यांना बिट सुटायचे, काहींना सुटायचे नाही.

असा मोडलेला मजकूर नुसता "गार्बेज येतोय" म्हणून सोडून दिला जातो, आणि त्याचे मला वाईट वाटते. कचऱ्यालाही आकार असतो, तो पाच मिनिटे बघितला तर दोन मॉड्यूलांचे पैसे वाचतात.

प्रोब लावला की दोष गायब

दुसऱ्या दिवशी स्कोप नेला. चौदाव्या मॉड्यूलच्या पहिल्या ७४एचसी५९५ वर एक प्रोब क्लॉकच्या पायावर, दुसरा डेटाच्या पायावर. दुपारची वेळ, वर फलक वाकडा. डेटाच्या पायाला प्रोब टेकवला आणि फलक सरळ झाला. काढला की वाकडा. लावला की सरळ. खाली चार हमाल जमा झाले. त्यांना वाटले, मी काहीतरी दुरुस्त केले.

प्रोबवरची कळ १ पटीवर राहिली होती. त्या स्थितीत प्रोब आणि त्याची केबल मिळून शंभर पिकोफॅरडच्या आसपास धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, त्या पायावर लादतात. बफरच्या आउटपुटला ती भरायला तीन-चार नॅनोसेकंद जास्त लागतात, तेवढा डेटा उशिरा पोचतो, आणि तेवढ्याने होल्ड सांभाळला जातो. कळ १० पटीवर टाकली, धारिता पंधराएक पिकोफॅरडवर आली, दोष परत आला. स्कोपच्या पडद्यावर काही पाहायच्या आधीच निदान झाले होते. डेटा लवकर येतो किंवा क्लॉक उशिरा येतो; उपाय म्हणजे डेटाला थोडे रेंगाळायला लावणे.

मग नीट मोजले. दोन्ही प्रोब आधी एकाच बिंदूला लावून त्यांच्यातला फरक शून्य केला, नाहीतर या मोजमापाला अर्थ नसतो. दुपारी, पूर्ण प्रकाशात: क्लॉकची कड अडीच व्होल्ट ओलांडते आणि जेमतेम २ नॅनोसेकंदांनी डेटा बदलतो, तोही थरथरत. डेटाशीट ३ मागते. शेजारच्या बाराव्या-तेराव्याच्या वेशीवर हेच अंतर १५ नॅनोसेकंदांच्या वर होते.

आणखी एक गोष्ट स्कोपवर ठळक दिसली. चौदाव्या मॉड्यूलवर क्लॉकची कड तिरपी होती आणि डेटाची ताठ. दोन्ही एकाच बफर चिपमधून येतात, पण डेटाच्या तारेवर एकच रजिस्टर असते आणि क्लॉकच्या तारेवर सोळा. प्रत्येकाच्या इनपुटचे साडेतीन पिकोफॅरड, शिवाय तांब्याच्या पट्टीची धारिता. म्हणून क्लॉक स्वभावतःच डेटापेक्षा मागे पडतो. मॉड्यूल बनवणाऱ्याला हे माहीत असते. रजिस्टरमधून बिट बाहेर पडायला लागणाऱ्या १९ नॅनोसेकंदांच्या भरवशावर तो हे खपवून घेतो. मग इथेच तो भरवसा का तुटला?

उष्णता नव्हे

आधी वेळेचे कोडे. दुपारीच का? रात्री नऊला मी चौदाव्या मॉड्यूलवर हेअर ड्रायर धरला. हात लावता येईना इतके तापवले. फलक सरळच. पंख्यांचा खर्च वाया गेला हे तिथेच कळले.

मग कार्डाचे वेळापत्रक उघडले. फलकाची प्रखरता रात्री ४० टक्के, सकाळी ७० आणि ११ ते ६ मध्ये १०० टक्के होती. मार्चमध्ये ऊन वाढले, शेतकऱ्यांनी भाव दिसत नाहीत अशी ओरड केली, म्हणून दुपारची प्रखरता ६० वरून १०० वर नेली होती. रात्री साडेनऊला मी ती १०० केली. फलक लगेच वाकडा. ४० केली, सरळ. दुपारचा संबंध सूर्याशी होता खरा, पण तो वळसा घालून.

मीटरने सप्लाय मोजला. तेराव्या मॉड्यूलवर ४.९५ व्होल्ट. चौदाव्यावर ४.३५. शेजारी-शेजारी असलेल्या दोन मॉड्यूलांत ०.६ व्होल्टचा फरक! पेटीच्या मागे हात घातला तर बाराव्यावरून चौदाव्याकडे जाणारी वायर गरम लागली. एक चौरस मिलिमीटरची बारीक वायर, पीळ मारून वर टेप गुंडाळलेली, आणि तिच्यावरून चौदा ते वीस या सात मॉड्यूलांचा पंधरा-सतरा अँपिअर करंट जात होता.

इथे गोष्ट उलगडली. तेराव्या मॉड्यूलवर मागच्या पावसाळ्यात पाणी गेले होते, म्हणून ते बदलले. बदलताना त्या तरुणाने चांगल्या मनाने नव्या मॉड्यूलला सप्लायपासून थेट स्वतंत्र जाड वायर दिली. पण पूर्वी वायर बारावरून तेरावर आणि तेरावरून चौदावर जात होती. मधला दुवा सुटला, म्हणून बारा आणि चौदा यांना हाताशी असलेल्या तुकड्याने जोडले. नवे मॉड्यूल भरल्या पोटी चालू लागले आणि त्याच्यापुढची सात उपाशी. ७४एचसी मालिकेच्या चिपा व्होल्टेज उतरले की मंदावतात. ७४एचसी२४५ चा ४.५ व्होल्टवरचा ९ नॅनोसेकंदांचा उशीर २ व्होल्टवर २५ होतो. म्हणजे डेटा पाठवणारा तेरावा चपळ, आणि क्लॉक घेणारा चौदावा सुस्त. प्रखरता जितकी जास्त, तितका हा फरक जास्त.

तरीही हिशोब पुरा होत नव्हता. सप्लायने तीन-चार नॅनोसेकंद खाल्ले असतील, पंधरा नाही.

तेरावा

शेवटी मी तेरावे मॉड्यूल उतरवून त्याच्या तांब्याच्या पट्ट्या भिंगाखाली तपासल्या. बाकीच्या एकोणीस मॉड्यूलांवर पुढच्या केबलला जाणारा क्लॉक आतल्या क्लॉकच्या तारेवरूनच घेतलेला आहे. नव्यावर, जो दुसऱ्या बनावटीचा आहे, बाहेर जाणारे सगळे सिग्नल आणखी एका ७४एचसी२४५ मधून काढलेत. कागदावर ही रचना सरस: पुढच्या केबलला ताजा, ताठ सिग्नल मिळतो. पण डेटा त्या दुसऱ्या बफरमधून जात नाही. तो शेवटच्या रजिस्टरमधून थेट केबलवर. म्हणजे क्लॉकच्या वाटेत एक जादा मुक्काम आला आणि डेटाच्या वाटेत नाही. १९ नॅनोसेकंदांच्या भरवशातले ९ इथेच गेले. उरलेल्या दहातून चौदाव्याच्या तिरप्या क्लॉकने आपला वाटा घेतला आणि उपाशी सप्लायने आपला.

त्या बनावटीची वीसच्या वीस मॉड्यूल एकत्र, नीट सप्लायवर लावली असती तर बहुधा ती चालली असती. पाचव्या जागी हे मॉड्यूल चोख चालले तेही खरेच होते, कारण सहाव्याला पूर्ण व्होल्टेज मिळत होते. त्या तरुणाची चाचणी चुकीची नव्हती. तिने फक्त एवढेच सिद्ध केले की तेरावे एकटे दोषी नाही, आणि त्याने त्याचा अर्थ निर्दोष असा घेतला. दोष दिसतो चौदाव्यावर, उगम तेराव्यावर, आणि ट्रिगर वायरचा: अशा वेळी एकेक वस्तू बदलून पाहण्याची पद्धत तुम्हाला गोल-गोल फिरवते. तेच तिचे मुख्य न्यून आहे, आणि बहुतेक देखभाल आजही त्याच पद्धतीने चालते.

काय केले

पहिले काम वायरचे. चौदा ते वीससाठी सप्लायपासून ४ चौरस मिलिमीटरची वेगळी जोडी टाकली, ग्राउंडसकट. ग्राउंड विसरू नका. बारीक वायरवर जेवढे व्होल्ट पॉझिटिव्हमध्ये पडतात तेवढेच ग्राउंडमध्ये चढतात, आणि मग दोन मॉड्यूलांचे शून्यच वेगळे होते. पूर्ण प्रखरतेवर चौदाव्याला ४.८५ व्होल्ट मिळू लागले. वेशीवरचे अंतर २ वरून ५ नॅनोसेकंदांवर आले. फलक सरळ. सचिवसाहेब बिल मागू लागले.

माझे समाधान झाले नव्हते. गरज ३ ची आणि हातात ५. पुढच्या पावसाळ्यात एखाद्या कनेक्टरला गंज चढला की पुन्हा तेच.

दुसरा पर्याय: डेटाच्या तारेत १०० ओहम आणि ग्राउंडला १०० पिकोफॅरड. साधारण ७ नॅनोसेकंदांचा उशीर मिळतो. केबलच्या टोकाला दहा मिनिटांत बसतो. चाचणीपुरता मी तो लावलाही. पण हा उपाय आजच्या मोजमापावर शिवलेला अंगरखा आहे. उद्या तेराव्याच्या जागी तिसऱ्याच बनावटीचे मॉड्यूल आले तर कदाचित घट्ट होईल.

म्हणून तिसरा. तेरा आणि चौदा यांच्या मधल्या केबलवर आगपेटीएवढी एक पट्टी: एक ७४एचसी७४ फ्लिपफ्लॉप (एक बिट धरून ठेवणारा) आणि एक ७४एचसी०४ इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारा). क्लॉक जसाच्या तसा पुढे जातो. डेटा मात्र फ्लिपफ्लॉपमध्ये अडतो आणि क्लॉकच्या उतरत्या कडेवर सुटतो, म्हणजे ठोक्याच्या मधोमध. घमेल्यांच्या रांगेत दोघांच्या मध्ये एक असा माणूस उभा केला जो शिट्टीवर हलतच नाही, दोन शिट्ट्यांच्या मधोमध हलतो. तेराव्याने पुढे केलेले तो सावकाश घेतो, आणि चौदाव्याला शिट्टी उशिरा कळली तरी जुने घमेले त्याच्या हातात तसेच असते. रांगेत बिटही वाढत नाही, कारण बिट जिथे पुढच्या चढत्या कडेला पोचायचे तिथेच पोचते. चिपांच्या आत चाचणीसाठी जी लांब शिफ्ट साखळी असते, तिच्यात दोन वेगळ्या क्लॉकच्या वेशीवर अभियंते हीच युक्ती कधीपासून वापरतात. दोन्ही आयसी मिळून पन्नास रुपयांच्या आत.

आता होल्डला तीन-पाच नव्हे, जवळपास अर्धा ठोका मिळाला. किंमत म्हणजे सेटअपच्या बाजूलाही अर्धाच ठोका उरला. इन्व्हर्टर, फ्लिपफ्लॉप, पुढचा बफर आणि सेटअप यांचे डेटाशीटमधले सर्वांत वाईट आकडे मिळवले तर ८० नॅनोसेकंद होतात. ८ मेगाहर्ट्झचा अर्धा ठोका ६२.५ चा. बसत नाही. म्हणून क्लॉक ४ वर आणला, अर्धा ठोका १२५. पहिल्या दिवशी वेग उतरवणे ज्या फलकावर निरुपयोगी ठरले होते, त्याच फलकावर ते आता कामाला आले. कारण दोषाची जातच बदलली होती.

चाचणीसाठी एकाआड एक कॉलम पेटवून, १०० टक्के प्रखरतेवर, भर दुपारी तीन तास चालवला. एकाआड एकमध्ये डेटा प्रत्येक ठोक्याला बदलतो, लपायला जागा राहत नाही. मधल्या वेळात मी मुद्दाम जुनी बारीक वायरही परत लावून पाहिली. रेघा सरळ.

टीव्हीच्या काचेवर हेच वेगळे होते

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे मोठ्या पॅनेलमध्ये एकूण उशिराला महत्त्व नसते. असे नाही. मोठ्या एलसीडीच्या काचेवर चित्र उलटे आहे. तिथे एक आडवी गेट लाइन (एका ओळीचे सगळे ट्रान्झिस्टर उघडणारी तार) मीटर-दीड मीटर लांब असते, वाटेत बफर नाही, आणि हजारो ट्रान्झिस्टरांची धारिता तिला लटकलेली. तारेचा रोध आणि धारिता दोन्ही लांबीबरोबर वाढतात, म्हणून लांबी दुप्पट झाली की उशीर चौपट. उलट हाताशी वेळ ठरलेला: फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा काढायचे तर ब्लँकिंग (दोन चित्रांमधल्या रिकाम्या ओळी) धरून २,२५० ओळी होतात, एका ओळीला ७.४ मायक्रोसेकंद. एट-के १२० वेळा काढायचे तर १.८५. तेवढ्यात दूरच्या टोकाचा ट्रान्झिस्टर पुरता उघडला, भरला आणि पुढची ओळ येण्याआधी मिटला पाहिजे. तिथे घमेल्यांची युक्ती चालत नाही. म्हणून ॲल्युमिनियमऐवजी तांबे वापरतात, गेट लाइनला दोन्ही टोकांनी ढकलतात म्हणजे सर्वांत लांबचा बिंदू मधला होतो आणि उशीर चौथाईवर येतो, आणि कॉलम चालवणाऱ्या चिपांना काठापासूनच्या अंतराप्रमाणे थोडेथोडे मुद्दाम उशिरा सोडतात. हा शेवटचा उपाय मला विशेष आवडतो: उशीर काढता येत नाही, तर त्याच्या जोडीदारालाही तितकाच उशीर करायला लावायचा.

भावफलकाकडे परत. महिन्याभराने सचिवसाहेबांचा फोन आला. मजकूर उत्तम आहे, पण अडते फोटो काढतात त्यात आडवे काळे पट्टे येतात, पूर्वी इतके नव्हते. बरोबर होते. ८ मेगाहर्ट्झला फलक सेकंदाला साधारण ७८० वेळा भरायचा, ४ ला ३९० वेळा. डोळ्याला फरक नाही, पण उन्हात मोबाइलचा शटर क्षणभरच उघडतो आणि पेटलेला चौथाई भागच पकडतो. क्लॉक ६ वर नेला. अर्धा ठोका ८३ नॅनोसेकंद, गरज ८० ची. कागदावर तीनच शिल्लक आहेत, पण ते सगळे आकडे सर्वांत वाईट धरून. स्कोपवर तीस दिसले. पट्टे कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. अडते आता दोन फोटो काढतात.

त्या तरुणाने पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले आहे: "नवीन मॉड्यूल लावण्याआधी क्लॉक आउट कुठून निघतो ते बघणे. व्होल्टेज दोन्हीकडे बघणे." खाली माझा नंबर, आणि त्याखाली पंख्यांची स्विच बंद ठेवण्याची सूचना.